भानुमतीचा इलाज

मानपूरचा गूळ एवढा गोड का, असं कोणी विचारलं की मी सांगतो : आग्रा-मुंबई सडकेवरचे ट्रक घाट चढून आले की तिथे दम खातात, त्यांच्या घरघरीने जमीन हादरते आणि तळाची गोडी उसाच्या मुळाशी येते. पटलं तर ठेवा, नाहीतर सोडा. पण मालोजी वाघाच्या घरच्या या हकीकतीत मी पदरचं चिपाडही घातलेलं नाही. घातलंच असेल तर मुंग्यांपुरतं.

मालोजीचं गुऱ्हाळ इंदूरकडून आलं की मानपूरच्या जरा पुढे, सडकेपासून हाकेच्या अंतरावर. पणजोबा होळकरांच्या फौजेत होता. त्याची तलवार घरात अजून आहे, तिने सखुबाई भोपळा चिरते. सखुबाई म्हणजे मालोजीची आई. नवरा लवकर गेला, पण बाईने बैल, ऊस आणि पोरगा तिन्ही एकटीने वाढवले, आणि तिघांशी एकाच भाषेत बोलत आली.

तर मुंग्या. गुऱ्हाळवाल्याच्या घरी मुंग्यांचं काय नवल? पण या मुंग्या गुळाच्या ढेपांना वळसा घालून, काहिलीकडे न बघता, सरळ मागच्या मोरीकडे जात. गुळाचा डोंगर समोर आणि ह्या चालल्या मोरीला. रांग अशी शिस्तीत की महूच्या पलटणीतला एक हवालदार पाणी प्यायला आला तो थबकला आणि त्याने सलाम ठोकला. सखुबाईने मात्र सलाम ठोकला नाही. ती मोरीपाशी बसली, रांग कुठे संपते ते पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "तुझ्या बायकोला इंदूरला ने. तिला शक्कर झालीय."

बायको म्हणजे भानुमती. शक्कर, म्हणजे लघवीतली साखर, निघाली ती अशी. तेव्हापासून रोज काचेची पिचकारी उकळायची, मांडीत सुई टोचायची. औषधाची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची. दोन मुलं होती, एक मुलगी, एक मुलगा. गेल्या हिवाळ्यात तिसरं झालं. केवढं मूल, चार महिन्यांचं असावं तसं गुबगुबीत, डोकंभर जावळ. पण रडलं नाही. भानुमती इंदूरच्या दवाखान्यात डोळे मिटून पडलेली, आणि व्हरांड्यात सखुबाई ते गुबगुबीत मूल पदरात घेऊन बसलेली. मालोजी जिन्यात उभा होता. आत यावं की नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

भानुमती वाचली. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा दिवस राहिले तर मी काही सांगू शकत नाही.

आणि या वर्षी दिवाळी झाली, गुऱ्हाळ लागलं, आणि भानुमतीची पाळी चुकली.

सकाळी बैल चरकाला जुंपले की रस काहिलीत पडायला लागे. मालोजी गुळव्या, काहिलीपाशी तोच. चुलवाणात चिपाडं सारायला रघुवीर हा जळव्या. आणि चुलवाणाच्या तोंडाशी भानुमती उकिडवी बसून चिमट्यात काचेची नळी धरे. नळीत निळं औषध आणि तिच्या लघवीचे थेंब. उकळून निळंच राहिलं तर बरं. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर चढलेली. असे एकाच जाळावर नवरा-बायको दोन पाक बघत. मालोजीचा पाक सोन्यासारखा उतरला की तो मिशीत हसे, आणि बायकोच्या नळीत तोच रंग दिसला की मान खाली घाली.

त्या दिवशी नळी भाजलेल्या विटेसारखी झाली.

"किती?" मालोजीने विचारलं.

"बघा की." तिने नळी वर धरली. रघुवीर चिपाडं आणायला गेला तशी जाळाकडे बघतच ती म्हणाली, "अहो, दिवस वर गेलेत."

मालोजीचं फावडं काहिलीत थांबलं.

"पक्कं?"

"आता पक्कं कसं सांगू? पोटाला खिडकी आहे का?"

"पण आपण तर… मतलब, सांभाळूनच होतो ना."

"तुमचं सांभाळणं मला माहिती आहे."

पाक थांबत नसतो. तो कडेने फुगला, मालोजी दचकून फावडं मारायला गेला आणि उकळता शिंतोडा त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत बसला. भानुमती मागे सरली ती चिपाडाच्या धारेवर. टाचेपाशी बोटभर कापलं. तिला ते कळलंच नाही. तिच्या तळव्यांना हल्ली काही कळत नसे. रघुवीरने येऊन रक्त दाखवलं तेव्हा कळलं.

"भिया, पाक गया," रघुवीर म्हणाला.

गेलाच होता. त्या दिवशीची ढेप अशी काळी उतरली की सडकेवरच्या कोळशाच्या वखारवाल्याने भाव विचारला. वाघांच्या गुऱ्हाळात असं कधी घडलं नव्हतं. मालोजीने ती ढेप पोत्याखाली झाकली, तरी येणारा-जाणारा पोतं उचलून बघायचा आणि च् च् करून जायचा.

पुढचे दिवस घर मुकं झालं. सखुबाईला कोणी काही सांगितलं नाही, पण तिने सुनेच्या हातून उसाची मोळी काढून घेतली. भानुमती दुपारी मुलीची वेणी घालायची ती तीन-तीनदा उसवून घालायची. मालोजी बोलता बोलता तिच्या पोटाकडे बघे आणि तिने बघितलं की बैलाकडे बघे.

मग एका सकाळी भानुमती विहिरीवरून आली ती हसत. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. त्या घरात बाजूला बसायची रीत होती. ती न बोलता पडवीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. एरवी त्या चार दिवसांत सखुबाई तिला लांबून भाकरी सरकवायची. त्या दिवशी तिने गरम भाकरी, वर लोणी, आणि लसणाचं तिखट स्वतः नेऊन ठेवलं.

"बस आरामात," सखुबाई म्हणाली. "हवं तर एक दिवस जास्त बस."

मालोजीने बातमी ऐकली आणि बैलांना विनाकारण पेंड घातली. पण भानुमती कोपऱ्यातून म्हणाली, "अहो, हसू नका. पुढच्या महिन्याला पुन्हा हेच. मला इंदूरला न्या. गळ्याशी सुरी धरून रोज भाकरी नाही खाता येत."

अन्नपूर्णेच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डॉक्टर इंदुमतीबाईंचा दवाखाना होता. बाई रेल्वेतल्या कारकुनाच्या घरातल्या, इंदुरातच शिकलेल्या. पेशंटवर ओरडत नसत, हीच त्यांची मोठी डिग्री असं लोक म्हणत. त्यांचे यजमान डॉक्टर श्रीकृष्ण शेजारच्या खोलीत शस्त्रक्रिया करत. मालोजी बाहेर बाकावर बसला. समोरच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल तिकोन रंगवलेला होता. तो त्याच्याकडे पाठ करून बसला.

आत बाईंनी भानुमतीला तपासलं, रक्तदाब पाहिला, टाचेवरची जखम पाहिली.

"पुढे कधीतरी मूल हवंय, की कधीच नको?"

"कधीच नको, बाई. आहेत त्यांना आई पाहिजे."

"मग नीट ऐका. मी सांगते, निवडायचं तुम्ही."

"गोळ्या निघाल्यात म्हणे?"

"निघाल्यात. पण त्यांनी काहींची साखर चढते, आणि तुमचं प्रेशर आधीच वर आहे. तुम्हाला मी त्या देणार नाही."

"आणि तो आत बसवायचा लूप? आमच्याकडे म्हणतात तो चढत चढत काळजात जातो."

बाई हसल्या. "काळजापर्यंत रस्ताच नाही तिथून. शक्कर आहे म्हणून लूप चालत नाही असं नाही. पण तुम्हाला आत आत्ता सूज आहे, अंगावरून जातंय. ते बरं झाल्याशिवाय मी तो बसवणार नाही. शिवाय पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, आणि तुम्ही आधीच अशा पांढऱ्या."

"मग ऑपरेशनच करून टाका. एकदाची कटकट जाईल."

"करता येतं. पण पोट उघडायचं, भूल द्यायची. त्याआधी साखर खाली आणावी लागेल, आणि नंतर ती जखम भरायची." बाईंनी टाचेकडे बोट केलं. "ही कधीची?"

"गुऱ्हाळ लागलं तेव्हाची."

 टेबलाच्या खणातून त्यांनी पाकिटं काढली. "हे निरोध. काही ठरेपर्यंत हे. चांगले आहेत, तुमच्या शक्करशी यांचं काही वैर नाही. पण दर खेपेला हवेत. आज राहू दे, उद्या बघू, असं नाही."

भानुमतीने पाकिटं पिशवीत, कणकेच्या पुडीखाली घातली. "म्हणजे चार इलाज. आणि चारीत काहीतरी खोट."

"पाचवा आहे ना. बाहेर बाकावर बसलाय."

भानुमतीला कळायला क्षणभर लागलं. मग तिने तोंडाला पदर लावला.

मालोजीला आत बोलावलं. तो दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला. बाईंनी सरळ सांगितलं. ऐकून तो गोरामोरा झाला.

"पण बाई, माझ्यात काय बिघाड आहे? शक्कर तर तिला आहे."

"म्हणूनच. तुम्ही धडधाकट. तुमची जखम चार दिवसांत भरेल. लहानसा छेद, तेवढीच जागा बधिर करायची, त्याच दिवशी घरी. नसबंदी म्हणतात तीच."

नसबंदी हा शब्द कानात पडला आणि मालोजीच्या डोक्यात चरक सुरू झाला. त्यापुढे बाई बरंच काही बोलल्या. नुसती नस बांधायची असते, बाकी माणूस जसाच्या तसा राहतो, तीन महिने कशी काळजी घ्यायची, मग तपासणी. ते सगळं भानुमतीने ऐकलं. मालोजीला ऐकू आला तो फक्त चरक. त्याच्या डोळ्यांसमोर गोठ्यातला ढवळ्या उभा होता, आणि ढवळ्याला आडवा पाडून दोन दांड्यांमध्ये त्याच्या नसा ठेचल्या तो दिवस. गावाकडे दुसरी नसबंदी कोणी पाहिली होती?

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "दोघं मिळून ठरवा."

परतताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला. भानुमतीने विचारलं, "काय विचार करून राहिलात?" तर म्हणाला, "काही नाही. बटाटे चांगले आलेत यंदा." बाहेर तेव्हा राऊच्या वीटभट्ट्या चालल्या होत्या.

गुऱ्हाळावर गोष्टी वाऱ्याच्याही आधी पोचतात. रघुवीरला कसा वास लागला देव जाणे, चुलवाणात चिपाड सारता सारता तो म्हणाला, "भिया, सुना है इंदूर में आदमी लोगों को बधिया कर रये हैं."

"खच्ची? कोण म्हणालं?"

"सब बोल रये. धारला एक पहलवान होता. सकाळी केलं, संध्याकाळपर्यंत मिशी गळली. दुसऱ्या दिवशी कुस्तीला उतरला तो समोरच्याला बोलला, भैया जरा धीरे."

उसाची मोळी टाकायला आलेले दोघे खो खो हसले. मालोजीही हसला, पण हसताना हात मिशीकडे गेला. दुपारी तो गोठ्यात गेला आणि ढवळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. ढवळ्या भला बैल होता, कामाला वाघ, कोणाला शिंग लावत नसे. गाई समोरून गेल्या तरी रवंथ करत राही. मालोजीने त्याच्या मानेवर थाप मारली आणि विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?" ढवळ्याने शेपटीने माशी उडवली.

संध्याकाळी काहील उतरली की मालोजी बायकोच्या टाचेची पट्टी बदलत असे. हे काम त्याने स्वतःकडे घेतलं होतं, कारण तळव्याला काही कळत नसल्याने ती पट्टी घट्ट बांधून घ्यायची. कोमट पाणी, बाईंनी दिलेली पावडर, स्वच्छ धडपं. त्या दिवशी त्याने पाय मांडीवर घेतला. जखम होती तशी होती. कडा पांढऱ्या, मध्ये ओलं. त्याने शेजारी बोट दाबलं.

"दुखतं?"

"कुठे दाबलंत?"

मालोजीने आपल्या मनगटाकडे पाहिलं. त्याच दिवशीचा, त्याच काहिलीचा डाग. खपली कधीच पडून गेली होती. खाली गुलाबी कातडं आलं होतं आणि त्यावर केसही उगवायला लागले होते. तो एकदा हाताकडे बघे, एकदा टाचेकडे.

"मी ठरवलंय," भानुमती म्हणाली. "साखर खाली आणते. भात सोडते, चहात गूळ नाही, रोज चालते. मग पोटाचं करून घेते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"एवढीशी टाच भरेना," मालोजी म्हणाला. "आणि पोट फाडायचं म्हणतेस."

"मग काय करू?"

त्याने पट्टी बांधली. गाठ सैल की घट्ट ते दोनदा बघितलं. पाय अलगद खाली ठेवला.

"या खेपेला बाकावर नाही बसत," तो म्हणाला. "आत जातो."

 जन्मात कधी नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता, तो भानुमतीने फिरवला. तो म्हणाला, "हात पुस, गुळाचा आहे." मग जरा वेळाने, "रघुवीरला कळायला नको. आणि आईला तर अजिबात नको."

पण मालोजीने जायच्या दिवशी पिशवी भरली ती आपल्या समजुतीप्रमाणे. हळद, एरंडेल, तुपाची वाटी, आणि कडुलिंबाचा पाला. सखुबाई पडवीत बसली होती. तिने पिशवीत हात घातला.

"खच्ची गोऱ्ह्याचं सामान घेऊन कुठे निघालास?"

"इंदूरला."

"इंदूरला कोणता गोऱ्हा आहे आपला?"

मालोजी उंबऱ्याकडे बघत राहिला. मागे भानुमती उभी होती. सखुबाईला सगळं समजायला पाला, तूप आणि मुलाचं तोंड एवढं पुरलं. बाई उठली. आता ही आकाशपाताळ एक करणार असं दोघांना वाटलं. तिने खुंटीवरचं लुगडं काढलं.

"पोर पुरायला मी गेले होते," ती म्हणाली. "सून पुरायला मी जाणार नाही. चला, मी पण येते. नंतर तुला चालवणार कोण?"

"चालवणार म्हणजे?" भानुमतीने विचारलं.

"तू पोरगी आहेस, तुला नाही कळत," सखुबाई म्हणाली आणि बसकडे निघाली.

दवाखान्यात डॉक्टर श्रीकृष्णांनी मालोजीला आत घेतलं. मालोजी आत जाताना वळला आणि बायकोकडे असं बघितलं, जसं पणजोबाने पानिपतला निघताना बघितलं असेल. पानिपतला त्याचा पणजोबा गेला नव्हता, तो भाग वेगळा. पाऊण तास झाला नसेल, तो बाहेर आला. चेहरा घामेजलेला, पाय जरा फाकलेले, बाकी अख्खा.

"झालं?" भानुमती म्हणाली.

"झालं म्हणतात."

"तासभर खाटेवर पडून राहा," डॉक्टर म्हणाले. "मग टांग्याने जा. दोन-चार दिवस वजन उचलायचं नाही, सायकल नाही."

भानुमती शेजारच्या दुकानात आपलं इंजेक्शनचं औषध आणायला गेली. येऊन बघते तो खाट रिकामी. कंपाउंडर कपाळावर हात मारून उभा.

"तुमच्या सासूबाई घेऊन गेल्या. मी म्हणालो माताजी, आराम करू द्या. तर मलाच म्हणाल्या, बसला तर सुजतो, तू किती बैल पाहिलेत?"

आता गावाकडची रीत अशी. गोऱ्हा खच्ची केला की त्याला दिवसभर बसू द्यायचं नाही. बसला की सूज चढते, सूज चढली की बैल गेला. म्हणून मागे निरगुडीची फांदी घेऊन कोणीतरी त्याला हळूहळू चालवत ठेवतं. सखुबाईने आयुष्यभर गोऱ्हे असेच वाचवले होते. मुलाला ती कमी काळजीने कशी वागवणार?

भानुमती धावत देवळापाशी आली. अन्नपूर्णेला प्रदक्षिणा चालली होती. पुढे मालोजी, पाय फाकून, दातओठ खात. मागे सखुबाई, हातात कडुलिंबाची डहाळी. "चल. थांबू नको. चल रे राजा." लोकांना वाटलं केवढा कडक नवस. एका हारवाल्याने मालोजीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. तिसऱ्या फेरीला चार म्हाताऱ्या मागे लागल्या आणि पाचव्या फेरीला एक बँडवाला, वरातीवरून परतताना, पुण्य मिळेल म्हणून क्लॅरिनेट वाजवत सामील झाला. बँडवाल्याबद्दल मी शपथ घेणार नाही. म्हाताऱ्या होत्या.

"अहो, बसा!" भानुमती म्हणाली.

"आई चालवतेय."

"आत्याबाई, डॉक्टरांनी पडायला सांगितलंय. चालून टाका उसवेल."

"टाका?" सखुबाई थांबली. "टाका कशाला घालतात?"

मालोजीने ही संधी साधली आणि देवळाच्या पायरीवर बसला. माळ गळ्यात, घाम नाकावर. "आई," तो म्हणाला, "मला माहितीये आता मी बैल झालोय. पण बैलाला पण घटकाभर दावणीला बांधतात."

भानुमतीने त्याच्याकडे पाहिलं. "बैल? कोण बैल?"

"आता तूच नको विचारू."

"अहो, काय बोलून राहिलात? नुसती नस बांधलीय आत. एवढीशी. बाकी सगळं जिथल्या तिथे. आवाज तोच, मिशी तीच, आणि…" ती थांबली, मागे म्हाताऱ्या होत्या. आवाज उतरवून म्हणाली, "आणि तेही तसंच. बाई सगळं बोलल्या की तुमच्यासमोर."

"मला ऐकू नाही आलं."

"मग तुम्ही काय समजून आत गेलात?"

"तेच," मालोजी म्हणाला. "ढवळ्यासारखं."

म्हाताऱ्या पुढे निघून गेल्या.  नवऱ्याच्या बरोबरीने रस्त्यात चालणारी बाई नव्हती भानुमती. चार पावलं मागे, पदर कपाळावर, अशी तिची चाल. तिने पदर सावरला आणि भर अन्नपूर्णेत, त्याच पायरीवर, त्याला खांदा लागेल अशी बसली.  सखुबाईने हातातली डहाळी पाहिली, मग हळूच देवळाच्या कठड्यावर ठेवली आणि हारवाल्याला म्हणाली, "तू का बघतो रे? टांगा बोलव."

घरी आल्यावर मालोजीचा जीव भांड्यात पडला तो असा की भांडं सांडायला लागलं. बोलून बघितलं, आवाज तोच. खरं म्हणजे वाढलाच होता. पहिल्या दिवशी गुऱ्हाळावर गेला आणि रघुवीरला हाक मारली, तर महूच्या छावणीत दोन शिपाई बिछान्यातून उठून उभे राहिले. रघुवीरने मिशीकडे बघितलं, आवाज ऐकला, आणि धारच्या पहलवानाची गोष्ट पुन्हा काढली नाही. उलट चार दिवसांनी चिपाड सारता सारता हळूच म्हणाला, "भिया, वो दवाखाना अन्नपूर्णा के किधर कू है?"

भानुमतीने मात्र नवऱ्याला हात लावू दिला नाही. निरोधची पाकिटं होती, पण तिला आता कशाचाच भरवसा वाटत नव्हता. "बाई म्हणाल्या तीन महिने. आधीचं आत राहिलेलं असतं. मग तपासणी. मग बघू."

"आई, हिला सांग," मालोजी लाडात आला. "बांधलीय ना एकदा? मग आता कसली भीती?"

सखुबाई शेंगा फोडत होती. "नवा खच्ची केलेला गोऱ्हा दुसऱ्या दिवशी गाईंत सोडतात का रे? महिनाभर वेगळा बांधतात. नाहीतर वासरू होतं आणि लोक तोंडात शेण घालतात." तिने सुनेकडे पाहिलं. "तुझी डॉक्टरीण शहाणी आहे. तिचे बैल किती?"

"बैल नाहीत त्यांच्याकडे, आत्याबाई."

"मग वाचून कळलं असेल."

त्या रात्रीपासून सखुबाईने आपली वाकळ आतल्या दारात, बरोबर उंबऱ्यावर अंथरली. एका बाजूला सून आणि मुलं, दुसऱ्या बाजूला मुलगा. मालोजी पाण्याला उठला तरी ती विचारी, "कुठे?" पूस गेला, माघ गेला. ऊस संपत आला. मालोजीने असा गूळ उतरवला की इंदूरच्या आडत्याने हातात घेऊन खिडकीच्या उजेडाला धरला. भानुमतीने खरंच भात सोडला. टाच हळूहळू, कडेकडेने भरत आली. संध्याकाळी पट्टी बदलायचं काम राहिलं नाही, तरी मालोजी पाय मांडीवर घ्यायचा. सखुबाई दारातून खाकरायची. तो पाय खाली ठेवायचा.

होळीच्या आधी दोघं इंदूरला गेली. तपासणी झाली. डॉक्टर इंदुमतीबाईंनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं, "साफ आहे. आता काळजी नाही."

"काहीच नाही?" भानुमतीने विचारलं.

"याबाबतीत काहीच नाही. शक्करची काळजी तेवढी घेत राहा, ती तुमच्याबरोबर राहणार."

"म्हणजे पाळी चार दिवस पुढे गेली तरी…"

"तरी स्वयंपाक करा आणि जेवा."

भानुमतीने मान हलवली.  बसमध्ये बसली, तिकीट काढलं, राऊ मागे गेलं, आणि मालोजी काहीतरी सांगत होता तो तिचा उत्तराचा आवाज येईना म्हणून वळला. ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, डोकं त्याच्या खांद्यावर. गेल्या हिवाळ्यापासून ती अशी झोपलेली त्याने पाहिली नव्हती. मानपूर आलं तेव्हा कंडक्टर ओरडला, तर मालोजीने त्याला हाताने थांबवलं. गाडी जरा पुढे, त्यांच्या गुऱ्हाळापर्यंत, न्यायला लावली.

दिवस मावळत होता. सखुबाई अंगणात पोरांना भाकरी देत होती. सुनेकडे बघून तिने विचारलं, "काय म्हणाली?"

"साफ म्हणाली."

सखुबाईने हात धुतले. मग आत गेली, उंबऱ्यावरची वाकळ गुंडाळली, काखेत मारली, दोन्ही नातवंडांना हाताला धरलं आणि गुऱ्हाळाच्या छपराकडे चालायला लागली. वारा असा गार की पोरं कुडकुडत होती.

"आई, कुठे?" मालोजी म्हणाला.

"तिकडे निजते," सखुबाई न वळता म्हणाली. "आत फार उकडतं."